मुलाखतीत सगळं येत असतं, पण तोंडातून निघत नाही. काय करू?

पऱ्हाटीची पोर (दारव्हा तालुका, यवतमाळ)
31 ऑक्टोबर

नमस्कार. माझं बी.एस्सी. ॲग्री झालं आहे, वय 23. घरी साडेचार एकर शेती. तीन एकर पऱ्हाटी (कापूस), बाकीच्यात सोयाबीन आणि तूर.

ऑगस्टमध्ये एका संस्थेत क्षेत्र सहायकाच्या जागेसाठी मुलाखत दिली. समोर चार जण होते. पहिलाच प्रश्न, "तुमच्याबद्दल सांगा." ते मी पाठ केलं होतं, आठ दिवस घोकलं होतं. दुसऱ्या वाक्यात एक शब्द निसटला आणि पुढचं सगळंच गेलं. मग एका सरांनी विचारलं, "गुलाबी बोंडअळीचा प्रादुर्भाव शेतात कसा ओळखाल?"

हा प्रश्न मला यायला हवा होता. 2017 साली बोंडअळीनं आमची पऱ्हाटी खाल्ली तेव्हा मी दहावीत होते. बाबांसोबत ओळीनं डोमकळ्या (आत अळी असलेली मिटलेली फुलं) तोडल्या आहेत, हिरवी बोंडं नखानं फोडून आतली अळी पाहिली आहे. तरी मी म्हणाले, "मला माहीत नाही सर." त्यावर दुसरे म्हणाले, "शेतकऱ्याच्याच घरच्या ना तुम्ही?" बाहेर आले आणि एसटी स्टँडवर बसून राहिले. आमच्या गावाकडच्या दोन गाड्या डोळ्यांसमोरून गेल्या, उठावंसं वाटलं नाही.

आता 12 नोव्हेंबरला नागपूरला दुसरी मुलाखत आहे, तशाच कामासाठी. पत्र आलं त्या दिवसापासून झोप नाही. नुसतं आठवलं तरी हात गार पडतात, तोंड कोरडं होतं, पोटात गोळा येतो. त्यात भाषेची भीती वेगळी. मी घरी "मले, तुले" बोलते. घाबरले की तेच तोंडात येतं. मैत्रीण म्हणते, नागपूरच्या मोठ्या ऑफिसात असं बोललीस की नाव कटलंच समज. तिनं छातीची धडधड कमी करायची एक गोळीही सुचवली आहे, तिचा भाऊ परीक्षेच्या वेळी घेतो म्हणे.

"आत्मविश्वास ठेव", "घाबरू नको" असं कृपया सांगू नका. बाबा रोज तेच सांगतात. त्यांची माया कळते, पण त्यानं हात गरम होत नाहीत. कोणी यातून गेलं असेल तर काय केलं, तेवढं सांगा.

सातपुड्याचा पायथा (अकोट)
31 ऑक्टोबर

माझंही असंच व्हायचं. रोज अर्धा तास आरशासमोर उभं राहून बोल. स्वतःच्या डोळ्यांत पाहून बोलायची सवय झाली की समोरच्याची भीती वाटत नाही. आणि सकाळी उपाशी जाऊ नको. रिकाम्या पोटी तीन-चार चहा झाले की धडधड आणखी वाढते.

आर्वीकडची ताई
1 नोव्हेंबर

पोरी, तुझं काल रात्री वाचलं आणि आज सकाळी बैठकीला जायच्या आधी लिहायला बसले. मी वर्धा जिल्ह्यातली, आर्वी तालुका. दहावी शिकलेली, एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं. नऊ वर्षांपासून गावच्या बचत गटांची सीआरपी, म्हणजे गटांचं काम बघणारी गावातलीच बाई, आहे. अकरा गटांच्या बैठका घ्यायच्या, हिशेबाच्या वह्या तपासायच्या, बँकेत जाऊन साहेबांशी बोलायचं, तालुक्याच्या सभेत उभं राहून माहिती द्यायची. महिन्यातले पंधरा दिवस तरी मी चार लोकांपुढं बोलते, आणि आजही उभं राहायच्या आधी माझे हात गार पडतात. हे आधीच सांगते, कारण हात गार पडणं थांबेल या आशेवर मी दोन वर्षं घालवली.

माझी पहिली वेळ 15 ऑगस्टच्या ग्रामसभेतली. आमच्या वस्तीत 27 घरं आणि हापशी एक. उन्हाळ्यापासून तिचं पाणी खाली गेलेलं. ग्रामसभेच्या आधी बायकांची महिला सभा होते, तिथं ठरलं की हा विषय मी मांडायचा. मी दोन पानं लिहिली. मुलगी तेव्हा सातवीत होती, तिनं त्यातले आमचे शब्द काढून पुस्तकातले घातले. "सन्माननीय सरपंच महोदय, उपस्थित ग्रामस्थ बंधुभगिनींनो." मी ते सगळं पाठ केलं. उभी राहिले तर हातातला कागद इतका थरथरत होता की त्याचा फडफड आवाज माइकमधून सगळ्यांना ऐकू जात होता. "सन्माननीय" झालं आणि पुढचा शब्द सापडेना. मागून कोणीतरी म्हणालं, "बसा वहिनी, सयपाकाची वेळ झाली." मी बसले. विषय तिथंच राहिला.

पंधरा दिवस मी दिवसा हापशीवर गेले नाही. रात्री नऊला, सगळं सामसूम झालं की गुंड (पाण्याचं भांडं) घेऊन निघायची.

त्याच दिवसांत मुलीनं शाळेतून गांधीजींची आत्मकथा आणली होती. सेवाग्राम आमच्याच जिल्ह्यात, 1936 पासून ते तिथं राहिले, एवढं आम्हाला लहानपणापासून माहीत. पण तिनं वाचून दाखवलं ते मी कधी ऐकलं नव्हतं. बॅरिस्टर होऊन आल्यावर मुंबईच्या कोर्टात पहिल्याच खटल्यात साक्षीदाराला प्रश्न विचारायला ते उभे राहिले, डोकं गरगरलं, एक प्रश्न सुचेना. खाली बसले आणि म्हणाले, हे माझ्याच्यानं होणार नाही, दुसरा वकील करा आणि फी परत घ्या. तीस रुपये फी होती. मी तिला तो भाग दोनदा वाचायला लावला. विलायतेतून शिकून आलेल्या माणसाला जे झालं तेच मला झालं, एवढं मनात बसलं आणि मी परत दिवसा पाण्याला जाऊ लागले.

पण बोलता आलं ते निंदणामुळं. सप्टेंबरात एका पऱ्हाटीत आठ बाया निंदायला होतो. माझ्या बाजूच्या पातीवर वस्तीतली एक आजी होती. तिनं खाली मान घालूनच विचारलं, "काय बोलनार होती वो तू त्या दिवशी? आमाले तरी सांग." हातात खुरपं, नजर मातीत, कोणी माझ्याकडं बघत नव्हतं. मी सांगितलं. न अडखळता सांगितलं, कारण ते सांगणं होतं, भाषण नव्हतं. ती म्हणाली, "एक गुंड भराले दांडा किती डाव मारा लागते?" मला माहीत नव्हतं. मी रोज मारत होते, पण मोजला कधी नव्हता. संध्याकाळी मोजला. 118 वेळा.

दुसऱ्या दिवशी ते सांगितलं तर दुसरीनं विचारलं, मग शाळेत जाणाऱ्या पोरीईचं काय, त्या केव्हा भरतात? तिसऱ्या दिवशी तिसरीनं काही विचारलं. दोन-तीन आठवड्यांत दहा-बारा वेळा तरी मी तीच गोष्ट सांगितली असेल, दर वेळी शब्द वेगळे. एकदाही लिहिली नाही, पाठ केली नाही. तोंडाला वाट पडत गेली, जशी धुऱ्यावर येऊन-जाऊन पडते.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत कागद नेला नाही. मुठीत बोटभर चिठ्ठी होती, त्यावर तीन शब्द: हापशी, 118, पोरी. पाय लटपटत होते. "सन्माननीय" सोडून दिलं आणि म्हणाले, "आमच्या हापशीले एक गुंड भराले 118 डाव दांडा मारा लागते." सभा गप्प झाली. ग्रामसेवकांनी मान वर करून विचारलं, "किती म्हणालात?" आणि आकडा वहीत लिहून घेतला. त्यानंतर मी किती वेळ बोलले ते आठवत नाही, पण कोणी बसा म्हणालं नाही. ठराव झाला. दुसरी बोअर व्हायला सात महिने लागले, त्यासाठी पुन्हा चार वेळा बोलावं लागलं, ती कथा वेगळी.

सभा संपल्यावर मी आजीला विचारलं, माझी थरथर लय दिसत होती का? ती म्हणाली, "मले तं काही दिसली नाई." ती माझ्यापासून चार हातांवर बसली होती.

म्हणून तुला सांगते. आता तुमच्याकडं कापसाची वेचणी सुरू असेल. ओटी बांध आणि वेचणाऱ्या बायांत जा. वेचता वेचता त्यांना सांग की बोंडअळी कशी ओळखायची, कामगंध सापळा (मादीच्या वासानं नर पतंगांना ओढून पकडणारा) कशाला लावायचा. त्या मध्येच थांबवतील, "मंग फवारा कोनता मारू?", "सापळ्याले पैसे कोन देते?" असं विचारतील. मुलाखतीतल्या चार साहेबांपेक्षा त्यांचे प्रश्न कठीण असतात, कारण त्यांचं नुकसान झालेलं असतं. रोज सांग, मुलाखतीपर्यंत. आरशाबद्दल वर लिहिलं आहे, त्यांना उपयोग झाला असेल, मला उलटं झालं. आरसा ऐकत नाही, प्रश्न विचारत नाही आणि आपलं लक्ष आपल्याच तोंडाकडं राहतं.

आणि श्वासाचं एक. चूल पेटत नसली की फुंकणीनं आपण कसं हळू, लांब फुंकतो? धसकन फुंकलं तर राख डोळ्यांत येते. दाराबाहेर बसलेली असशील तेव्हा तसा श्वास सोड. घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ. पाच-सहा वेळा. मी बँकेच्या बाकावर बसून हेच करते, शेजारच्याला कळतही नाही.

हातात कागद धरू नको. धरायचंच तर पेन धर.

पऱ्हाटीची पोर
1 नोव्हेंबर

ताई, वाचताना रडू आलं. आज दुपारीच गेले वेचायला. आई, काकू आणि मजुरीच्या दोघी होत्या. सुरुवातीला लाज वाटली. काकूनं विचारलं, "तू त पाचशे रुपयाचं औषध सांगशीन, पण अळी बोंडाच्या आत हाय त औषध आत जाते कसं?" मला उत्तर येत होतं, पण त्यांना कळेल असं सांगता आलं नाही. उद्या परत सांगणार.

दोन गोष्टी राहिल्या. "तुमच्याबद्दल सांगा" याचं काय करू? आणि मले-मला चं काय?

उपकेंद्रातली सिस्टर
2 नोव्हेंबर

मी गोळीबद्दल लिहिते, बाकी ताईंनी सांगितलंच आहे. मैत्रिणीच्या भावाची गोळी घेऊ नको. अशा वेळी लोक एकमेकांना देतात ती बहुतेक प्रोप्रॅनोलॉल असते. ती मुळात रक्तदाबाची आणि हृदयाच्या ठोक्यांची गोळी आहे. दम्याच्या माणसाला तिनं श्वास कोंडू शकतो. ज्याचा रक्तदाब आधीच कमी आहे त्याला चक्कर येऊ शकते. डॉक्टरांनी तपासून दिली तर गोष्ट वेगळी. मुलाखतीच्या सकाळी पहिल्यांदा घेऊन बघायची ती वस्तू नाही.

तुझं जे होतं ते का होतं तेही सांगते. धोका दिसला की शरीर ॲड्रेनालिन सोडतं. हृदय जोरात चालतं, रक्त हातापायाच्या कातडीकडून मोठ्या स्नायूंकडं वळतं म्हणून बोटं गार पडतात, लाळ कमी होते म्हणून जीभ टाळूला चिकटते. बांधावर साप दिसला तर हेच होतं आणि तेव्हा त्याचा उपयोगही असतो. ताईंनी सांगितलेला लांब श्वास इथंच कामी येतो. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं. पाण्याची छोटी बाटली जवळ ठेव, आत जाण्यापूर्वी दोन घोट घे.

आजीनं "मले काही दिसली नाई" म्हटलं त्याला आधार आहे. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2003 साली यावर प्रयोग प्रसिद्ध केले. भाषण करणाऱ्याला वाटतं की आपली आतली धडधड सगळ्यांना दिसते आहे, प्रत्यक्षात ऐकणाऱ्यांना ती बरीच कमी दिसते. काही विद्यार्थ्यांना भाषणाआधी फक्त एवढंच समजावून सांगितलं. त्यांची भाषणं त्यांना स्वतःलाही बरी वाटली आणि ऐकणाऱ्यांनाही.

एक मात्र लक्षात ठेव. मुलाखत झाल्यावरही झोप आली नाही, जेवण जाईना, घराबाहेर पडायचीच भीती वाटू लागली, तर जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागात दाखव. टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. माझ्या उपकेंद्रात येणाऱ्या किती तरी मुली "पोटात गोळा येतो" म्हणून पोटाचं औषध मागतात, म्हणून लिहिलं.

झाडीचा नट (देसाईगंज-वडसा)
3 नोव्हेंबर

पऱ्हाटीच्या ताई, मी सोळा हंगाम झाडीपट्टीत (पूर्व विदर्भात) नाटक करतो. भाऊबीज झाली की आमचे प्रयोग सुरू होतात. रात्री दहाच्या पुढं पडदा वर जातो आणि नाटक संपेपर्यंत पहाट होते. समोर तीन-चार हजार माणूस, लेकराबाळांसह. आज रात्रीही प्रयोग आहे, गाडीत बसून लिहितोय.

तुम्ही लिहिलं की एक शब्द निसटला आणि सगळं गेलं. ते माझ्या रोजच्या कामातलं आहे म्हणून तेवढंच सांगतो. आमच्याकडं विंगेत प्रॉम्प्टर, म्हणजे विसरलेलं वाक्य हळूच सांगणारा माणूस, असतो, पण गर्दीच्या आवाजात कधी त्याचंही ऐकू येत नाही. वाक्य गेलं की नवा नट काय करतो? गेलेला शब्द शोधायला डोक्यात आत जातो. तिथं गेला की बाहेरचं सगळं बंद होतं, सोबतचा नट काय बोलतोय तेही ऐकू येत नाही. मला गुरुजींनी शिकवलं ते असं: शब्द शोधू नको, प्रसंग धर. तू या घरात कशाला आलास? भावाला जाब विचारायला. मग विचार जाब, तुझ्या शब्दांत. मागचं वाक्य पुन्हा हळू म्हण, दोन पावलं चाल, लोटाभर पाणी पी. पाहणाऱ्याला ते नाटकातलंच वाटतं. तुम्हाला चालता येणार नाही, पण "सर, थोडं थांबून सांगते" म्हणता येईल. तुम्हाला ती शांतता दोन मिनिटांची वाटेल, त्यांच्या घड्याळात ती चार सेकंदांची असते.

पाठांतर वाईट नाही, मी तर त्यावर जगतो. पण मी पाठ करतो ते दोन महिने तालीम करून, सोबतच्या नटांबरोबर. आठ दिवस एकटीनं घोकलेलं टिकत नाही. तुम्ही फक्त पहिलं वाक्य पाठ करा, एकच. ते सुटलं की आवाज आपल्या कानावर पडतो आणि पुढचं येतं.

आणि जागा बघून ठेवा. मी गावात पोचलो की मंडप बांधत असतानाच रिकाम्या स्टेजवर एकदा चालून येतो. पायाखालची फळी कुठं वाजते, माइक किती उंच आहे, उजेड कुठून डोळ्यांवर येतो. पहिल्या वर्षी हे केलं नव्हतं, एंट्रीला उजेड डोळ्यांवर आला आणि मी सुन्न उभा राहिलो. शक्य असेल तर आदल्या दिवशी नागपूरला जा, ती इमारत, तो जिना, बसायची जागा बघून या. पहाटेच्या एसटीवर भरोसा ठेवून त्याच दिवशी पळत जाऊ नका.

निवृत्त कृषी अधिकारी, वाशीम
4 नोव्हेंबर

बेटा, मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेलो आहे, बरीच वर्षं. आधी एक सांगतो. "शेतकऱ्याच्याच घरच्या ना" हे वाक्य त्या माणसानं बोलायला नको होतं. उमेदवार अडला की त्याला वाट काढून देणं हे मुलाखत घेणाऱ्याचं काम आहे. ते त्यांना जमलं नाही. त्याचं ओझं तू घरी आणू नको.

दिवसाला तीस-पस्तीस उमेदवार ऐकले की "माझे नाव अमुक, माझे छंद वाचन" हे कानावरून जातं. नाव, गाव, शिक्षण समोरच्या कागदावर असतंच. "तुमच्याबद्दल सांगा" याचा अर्थ या कामाशी तुझं काय नातं आहे ते सांग. तू इथं लिहिलंस तेच: तीन एकर पऱ्हाटी, 2017 साली ती गेली, बाबांसोबत डोमकळ्या तोडल्या, म्हणून शेतीचं शिक्षण घेतलं. हे ऐकल्यावर माझ्यासारखा माणूस पुढचा प्रश्न बोंडअळीवरच विचारेल. म्हणजे प्रश्नही तुझ्या ओळखीच्या वावरातला येतो.

त्याचं उत्तर पुस्तकाच्या क्रमानं देऊ नको, वावरात शिरल्याच्या क्रमानं दे. आधी फूल दिसतं. पाकळ्या चिकटून मिटलेली डोमकळी, उघडली की आत अळी. मग बोंडं. बोंडात शिरल्यावर भोक बुजतं, त्यामुळं बाहेरून बोंड चांगलंच दिसतं, म्हणून फोडून पाहिल्याशिवाय कळत नाही. एकरातून 20 झाडांची 20 हिरवी बोंडं फोडायची. दोन बोंडं किडलेली निघाली तर दहा टक्के झालं, फवारणीची वेळ आली. सापळे हेक्टरी पाच, आणि एका सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ पतंग सापडले की सावध व्हायचं. तुझ्या काकूच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. आत गेलेल्या अळीपर्यंत औषध पोचत नाही, म्हणून ती आत जायच्या आधी पकडावी लागते, आणि म्हणूनच सापळा. तिला असंच सांग आणि तिला पटलं का ते बघ.

आता भाषा. तुला जिथं काम करायचं आहे तिथला शेतकरी "मले" म्हणतो. तोंडातून "मले" आलं म्हणून मी कधी कोणाचे गुण कापले नाहीत, आणि माझ्यासोबत बसलेल्यांनी कापलेले मला आठवत नाहीत. मात्र मी असंही पाहिलं आहे की पोरगी हुशार, विषय पक्का, आणि तिची अर्धी ताकद "ला" की "ले" यातच जाते. वाक्य सुरू करते, थांबते, सुधारते, आणि तोवर मुद्दा हरवतो. आलं तोंडात तर येऊ दे आणि पुढं जा, माफी मागायला थांबू नको. आर्थिक नुकसानीची पातळी (वर सांगितलेले ते दहा टक्के), निंबोळी अर्क, फरदड (डिसेंबरनंतरही वावरात ठेवलेली पऱ्हाटी, तिच्यावर बोंडअळी जगत राहते), हे शब्द तेवढे नेमके वापर.

खरंच काही माहीत नसेल तर "हे मला माहीत नाही सर" हे चांगलं उत्तर आहे. फक्त माहीत असलेल्या गोष्टीला ते लावायचं नाही.

पऱ्हाटीची पोर
13 नोव्हेंबर

काल मुलाखत झाली. निकाल पंधरा दिवसांनी कळवतो म्हणाले आहेत.

आदल्या दिवशी मावशीकडं गेले आणि संध्याकाळी ऑफिस बघून आले. लोखंडी गेट, दुसरा मजला, बाहेर चार खुर्च्या. काल सकाळी त्यातल्याच एका खुर्चीवर बसले तेव्हा हात गारच होते. फुंकणीसारखा श्वास सोडला, सहा वेळा मोजून. रात्री चार तास झोप लागली होती.

पहिलं वाक्य पाठ होतं, "माझ्या घरी तीन एकर पऱ्हाटी आहे आणि 2017 मध्ये ती पूर्ण बोंडअळीनं गेली." ते म्हटलं आणि माझा आवाज मलाच ऐकू आला. मधल्या मॅडमनी पेन खाली ठेवलं. पुढचा प्रश्न बोंडअळीचाच होता, पण मी धरलेला नव्हता. त्या म्हणाल्या, "डिसेंबरनंतर पऱ्हाटी उपटा म्हणून तुम्ही शेतकऱ्याला सांगायला गेलात. तो म्हणतो, अजून दोन क्विंटल कापूस निघतो, घरात पोरीचं लग्न आहे, मी का उपटू? त्याला काय सांगाल?"

मी म्हणाले, "मॅडम, थोडं थांबून सांगते." पाणी प्यायले. मग बोलले. बाबाच ऐकत नव्हते तो प्रसंग सांगितला, आणि वेचणीत काकूशी जे भांडण झालं तेही. बहुतेक चार मिनिटं बोलले. दोनदा "मले" आलं, एकदा "लोकाईले" आलं, मी थांबले नाही. कोणी हसलं नाही. एक प्रश्न खरंच आला नाही, कर्जाच्या व्याज सवलतीचा होता, तेव्हा माहीत नाही म्हणून सांगितलं.

बाहेर आल्यावर स्टँडवर पहिलीच गाडी पकडली.

वेचणी अजून आठवडाभर आहे. मजुरीच्या दोघींपैकी एकीनं तिच्या वावरात सापळे लावायचे आहेत म्हणून विचारलं आहे, उद्या जाणार आहे. सगळ्यांचे आभार मानते. ताई, ती आजी अजून निंदायला येते का?

आर्वीकडची ताई
14 नोव्हेंबर

निंदायला येत नाही आता, गुडघे गेले. ओसरीवर बसलेली असते. काल रात्री तुझं लिहिलेलं तिला पूर्ण वाचून दाखवलं, मधल्या सगळ्यांचं पण. तिनं डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "ते सगळं ठीक हाय. पण त्या दोन क्विंटलवाल्याले पोट्टीनं सांगतलं काय, ते त लिवलंच नाई."

तेवढं लिही. मी उद्या संध्याकाळी तिच्याकडं जाणार आहे.